टाकीतली झाडं तिसऱ्यांदा विरघळली. मासे मजेत आहेत, मग झाडंच का जगत नाहीत?

गोदातीर
नमस्कार मंडळी. नाशिकला राहते. घरी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी आहे, साधारण ८ महिने झाले. गप्पी ८, मॉली ४, गोल्डफिश २ आणि एक सकर. मासे ठणठणीत आहेत, गप्पींना पिल्लंही झाली. पण जिवंत झाडं काही केल्या टिकत नाहीत. तीन वेळा आणली. आठ-दहा दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मग लिबलिबीत होऊन गळतात. उरलेल्यांवर हिरवट-काळं शेवाळ चढतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, प्लास्टिकची लावा, कटकट नाही." मला प्लास्टिकची नको आहेत. पहिल्या खेपेची झाडं जगली होती त्या चार दिवसांत गप्पीची पिल्लं त्या पानांत लपलेली पाहिली आहेत. ते पाहिल्यावर प्लास्टिक लावायला हात होत नाही. माझं काय चुकतंय ते कृपया सांगा.

पाणवठा
गोदातीर, स्वागत. पुण्यात १४ वर्षं झाडांच्या टाक्या सांभाळतोय, जमेल तेवढं सांगतो. आधी एवढं सांगा: दिवा किती तास चालू असतो? तळाला काय घातलंय? पाणी कुठलं? टाकी कशी आणि किती दिवसांनी साफ करता? कोणती झाडं आणली आणि कशी लावली? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खराब व्हायला सुरुवात जुन्या पानांपासून होते की नव्या?

गोदातीर
दिवा सकाळी ७ ते रात्री १०, कारण टाकी हॉलमध्ये आहे आणि अंधारात ती बरी दिसत नाही. तळाला निळे-पांढरे रंगीत खडे. पाणी सोसायटीच्या बोअरचं, टीडीएस ६२० दाखवतो. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढून टाकी पूर्ण रिकामी करते, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुते. झाडं म्हणजे अ‍ॅमेझॉन स्वॉर्ड, क्रिप्ट (तपकिरी पानांची), अनुबियस, कबोम्बा, आणि एक लांब पानांचं, कडेला लाल पट्टा असलेलं. त्याचं नाव माहीत नाही. सगळी खड्यांत नीट खोचून बसवली होती. मधे एकदा माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून दोन मुठी खडेमीठ टाकलं होतं.
जुनं पान की नवं, ते बघितलंच नाही हो. क्रिप्टची तर सगळीच पानं गेली, नुसत्या मुळ्या उरल्या. उपटून बाल्कनीतल्या अळूच्या कुंडीत टाकल्या. टाकीचं काढलेलं पाणी मी तिथंच ओतते.

पाणवठा
ताई, तुमच्या एका उत्तरात जवळजवळ सगळं कळलं. झाडनिहाय सांगतो, कारण पाचही झाडं "विरघळली" असली तरी पाचांची कारणं वेगळी आहेत.

लाल पट्ट्याचं झाड बहुधा ड्रॅसिना असणार. ते पाण्यातलं झाडच नाही. कुंडीतलं आहे. पाण्याखाली महिनाभर हिरवं दिसतं आणि बुडापासून कुजतं. अशी कुंडीतली झाडं टाकीसाठी म्हणून सर्रास विकली जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण नवा माणूस स्वतःला दोष देतो आणि छंदच सोडतो. ओळखायची सोपी खूण सांगतो. झाड पाण्याबाहेर काढून धरा. ताठ उभं राहिलं, पानांवर मेणासारखी चकाकी असली तर शंका घ्या. खरं पाणझाड बाहेर काढलं की ओल्या फडक्यासारखं लोंबतं. याला अपवाद आहेत. अनुबियस ताठच असतं, आणि रोपवाटिकेत हवेत वाढवलेली पाणझाडंही ताठ असतात, म्हणून नाव विचारून घ्यावं.

अनुबियसची आडवी जाड खोडासारखी गाठ असते, तीच खड्यांत पुरली गेली. ती पुरली की कुजते. जावा फर्नचंही तसंच. ही झाडं दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची, मुळं हवी तिकडे जाऊ द्यायची, गाठ मात्र उघडी हवी.

कबोम्बा गोल्डफिशनी खाल्लं. गोल्डफिश मऊ झाड ठेवतच नाही, खातो नाहीतर उपटतो. खारं पाणीही या मऊ झाडांना सोसत नाही. पुढच्या वेळी ठिपके आले तर औषधपाणी वेगळ्या बादलीत, मासा एकटा ठेवून. मिथिलीन ब्लू आणि तांब्याची औषधं तर झाडांच्या टाकीत थेंबभरही नकोत.

स्वॉर्ड मुळांनी खाणारं झाड. रंगीत खड्यांत त्याला काय मिळणार? शेजारी बसणारा सकर मोठा झाला की स्वॉर्डची रुंद पानं खरवडतो, तेही बघा.

राहिलं क्रिप्ट. ते मेलं नव्हतं. विक्रीसाठीची बहुतेक झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पानं हवेतली असतात. झाड बुडवलं की ती पानं टाकून ते पाण्यातली नवी पानं काढतं. क्रिप्ट तर नुसतं एका टाकीतून दुसरीत हलवलं तरी सगळी पानं टाकतं. मुळं पांढरी, घट्ट असतील तर हात लावायचा नाही, दोन-तीन आठवडे थांबायचं. लोक इथंच उपटून फेकतात.

आता शेवाळ. १५ तास दिवा! झाडाला ७ तास पुरतात, ८ म्हणजे डोक्यावरून पाणी. पुढचा उजेड शेवाळासाठी. साधा टायमर लावा, दुपारी ३ ते रात्री १० ठेवा, म्हणजे तुम्हाला टाकी बघायलाही मिळेल.

शेवटचं म्हणजे ते महिन्याचं धुणं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर, खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना विषारी, नायट्रेट त्यामानाने सौम्य आणि झाडांचं अन्न. नळाखाली सगळं धुतलं की ते जिवाणू जातात आणि टाकी दर महिन्याला पहिल्या दिवसावर येते. गप्पी-मॉली काटक म्हणून निभावले. यापुढे दर आठवड्याला पावभाग पाणी बदलायचं, नळीने तळाची घाण ओढून घ्यायची, आणि स्पंज त्या काढलेल्याच पाण्यात दोनदा पिळायचा. बस.

एकच विनंती. यातलं सगळं एकाच रविवारी करू नका. आधी दिवा, मग आठवड्याने तळ, मग झाडं. एका वेळी एक गोष्ट बदलली तरच कशाने काय झालं ते कळतं.

द्राक्षमळा
निफाड तालुक्यातून लिहितोय. मी शेतकरी, टाकी मुलीची. पाणवठा यांनी जुनं पान की नवं पान हा प्रश्न विचारला, तो वाचून अगदी आपल्यातलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. द्राक्षात आम्ही देठ परीक्षण करतो, म्हणजे पानांचे देठ तपासून अन्नद्रव्यं मोजतो, पण त्याआधी डोळ्यांनी वेल वाचतो. पालाश (पोटॅशियम) कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून जुन्या पानाची कड करपते. नत्राचं (नायट्रोजनचं) तसंच, खालचं पान पिवळं. लोह मात्र झाडाला हलवता येत नाही, म्हणून लोहाची कमतरता शेंड्याला दिसते, पान पिवळं आणि शिरा हिरव्या.

टाकीतही नेमकं हेच आहे. मुलीच्या टाकीत जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली. ती म्हणे, गोगलगायी खातात. मी म्हटलं, पोरी, हे पालाश आहे. घरात ठिबकसाठी आणलेलं ००:००:५० होतं, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं शेकडा प्रमाण). सोनाराच्या काट्यावर अर्धा ग्रॅम मोजून आठवड्याला ६० लिटरला दिलं. भोकं पडलेली पानं काही भरत नाहीत, ती गेलीच. पण पुढची पानं अखंड आली. गोगलगायी बिचाऱ्या कुजलेलं खात होत्या.

बाजारात बाटलीतलं झाडांचं खत मिळतं, त्याची किंमत बघून थक्क झालो. कृषी सेवा केंद्रातली एक किलोची पिशवी अशा टाकीला आयुष्यभर पुरेल.

मिठीकाठ
द्राक्षमळा दादा, तुमचा प्रतिसाद मनापासून आवडला, पण इथं एक इशारा द्यायलाच हवा. मी असंच ऐकून १९:१९:१९ टाकलं होतं. शेतीचंच विद्राव्य खत, काय फरक पडतो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ टेट्रा मेलेले. नंतर समजलं की त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. पाण्यात तो अमोनियाच होतो. ते मासे अजून आठवतात. कृपया कुणी करू नका.

द्राक्षमळा
अगदी बरोबर, हे मी आधीच लिहायला हवं होतं. मासे असलेल्या पाण्यात युरिया, १९:१९:१९, १२:६१:००, डीएपी यांतलं काहीही नको. नत्र द्यायचंच असेल तर १३:००:४५, ते पोटॅशियम नायट्रेट आहे, त्यातलं नत्र सगळं नायट्रेटचं. स्फुरद (फॉस्फरस) हवं तर ००:५२:३४. फवारणीची सूक्ष्म अन्नद्रव्यंही टाकू नका, त्यात तांबं असतं, कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

पाणवठा
दोघांचेही आभार, धाग्यात हे यायलाच हवं होतं. थोडा हिशोब जोडतो. १ ग्रॅम १३:००:४५ हे १०० लिटरमध्ये टाकलं की नायट्रेट साधारण ६ मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढतं. १ ग्रॅम ००:००:५० टाकलं की पोटॅशियम साधारण साडेचार मिलिग्रॅमने. गोदातीर, तुमची टाकी भरून ७० लिटर होते, तळ आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी ६० लिटर धरा. तुमच्याकडे मासे भरपूर, म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट माशांकडूनच येतंय. १३:००:४५ ची तुम्हाला आज गरज नाही. माशांच्या खाण्यातून जे पुरेसं येत नाही ते म्हणजे पोटॅशियम आणि लोह. तेवढंच द्या, तेही झाडांनी नवी पानं काढायला सुरुवात केल्यावर. मुळं न धरलेल्या झाडाला खत म्हणजे शेवाळाला खत.

द्राक्षमळा
लोहाचं बघताना पाण्याचा पीएच बघा. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) आमच्याकडच्या क्षारयुक्त पाण्यात तग धरत नाही. डीटीपीए जरा बरं. ईडीडीएचए चुनखडीच्या जमिनीतही चालतं, पण टाकीत घातलं की पाणी लालसर होतं. मुलीला ते अजिबात आवडलं नाही.

रोटाला
सगळं ठीक, पण सीओटूबद्दल, म्हणजे कार्बन डायऑक्साइडबद्दल, कुणीच बोलत नाहीये. मी ठाण्याला आहे, आमच्याकडे तलावाचं मऊ पाणी. सिलिंडर लावल्यापासून माझी लाल रोटाला जी काही फुटली आहे, ती आधीच्या चार वर्षांत कधी फुटली नव्हती. कर्ब (कार्बन) हा झाडाचा मूळ घास आहे. नवशिक्यांना त्यापासून दूर ठेवू नये असं माझं मत.

पाणवठा
रोटाला, तुमच्या टाकीचे फोटो पाहिले आहेत, फार सुंदर आहे. लाल, बारीक पानांच्या झाडांना सीओटू हवाच, वाद नाही. पण ज्या माणसाने तीन वेळा झाडं गमावली, त्याला पहिल्यांदा सिलिंडर द्यायला माझं मन धजत नाही. नळ थोडा जास्त उघडा राहिला की मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, आणि रात्री बंद करायचा राहिला तर सकाळपर्यंत काहीच उरत नाही, कारण रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. सीओटू कमी-जास्त होत राहिला की काळं दाढीसारखं शेवाळ येतं ते वेगळंच.

दुसरं म्हणजे तुमच्या आणि ताईंच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, आणि व्हॅलिस, हायड्रिला ही झाडं कर्ब त्यातूनच घेतात. सीओटूशिवाय त्यांचं उत्तम चालतं. ताईंनी आपल्या पाण्याची झाडं निवडावीत, पाणी बदलायच्या मागे लागू नये. व्हॅलिस, क्रिप्ट, स्वॉर्ड, हायड्रिला, दगडावर अनुबियस. आणि आपली ब्राह्मी! टाकीवाले जिला बॅकॉपा म्हणतात त्यातली एक जात म्हणजे आपली नीरब्राह्मी. रोपवाटिकेतून कुंडीतली आणा, पण तीही हवेतली पानं टाकून पाण्यातली काढेल, धीर धरा.

'लिक्विड कार्बन' नावाची बाटली विकतात, त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं. व्हॅलिस त्याने विरघळते. घेऊ नका.

रोटाला
पटलं. आधी तुमच्या यादीतली झाडं रुजू देत. नंतर सिलिंडर लावावासा वाटला तर ताई, मला विचारा, मी सगळं सांगेन.

सह्यघाट
क्रिप्टचं "विरघळणं" वाचून राहवलं नाही. मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी. क्रिप्ट हे अळूच्याच कुळातलं झाड आहे, आणि त्याच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांत आहेत, जसं क्रिप्टोकोराइन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस. खडकाळ नदीपात्रात, दगडांच्या फटीत मुळं रोवून उभी असतात. पावसाळ्यात वरून लोंढा जातो तेव्हा पूर्ण पाण्याखाली. पाणी ओसरलं की उघडी पडतात आणि तेव्हा फुलतात. म्हणजे पाण्यातलं रूप टाकून हवेतलं धरायचं आणि परत पाण्यातलं, हे त्यांचं दर वर्षीचं जगणं आहे. पान गेलं तरी जमिनीखालचं खोड सगळं धरून असतं. टाकीत जे आपल्याला मरण वाटतं तो त्या झाडाचा ऋतुबदल आहे.

कासच्या पठारावरचा वायतुराही असाच. फक्त पश्चिम घाटातच आढळणारी ही वनस्पती पाऊस संपला की वरून नाहीशी होते, कंद मातीत निजतो, पुढच्या पावसात उगवतो. वायतुरा अपोनोजेटॉन गणातला, टाकीतल्या अपोनोजेटॉनच्या कंदालाही म्हणूनच मधूनमधून विश्रांती लागते. मात्र हात जोडून सांगते, कासहून किंवा घाटातल्या ओढ्यातून काहीही उपटून आणू नका. फार थोड्या जागी उरलेली झाडं आहेत ती. लागवडीची मिळतात, तीच घ्या.

गोदातीर ताई, तुम्ही त्या मुळ्या अळूच्या कुंडीत टाकल्या म्हणालात ना? अळूची कुंडी कायम ओली असते. जरा उकरून बघाल का?

वैनगंगा
नागपूरकरांच्या अडचणीवर कुणी बोलेल का? मे महिन्यात घरातसुद्धा टाकीचं पाणी ३३ अंशांवर जातं. झाडं लांबट, फिकट होतात आणि मासे वर येतात.

पाणवठा
पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना साधारण ८.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर, ३२-३३ ला ७.२ च्या आसपास. त्यात झाडांचा आणि माशांचा श्वास वाढलेला. झाकण काढून जाळी टाका, पाण्यावर छोटा पंखा तिरपा सोडा. बाष्पीभवनाने २-३ अंश सहज उतरतात, विदर्भातल्या कोरड्या हवेत जास्तही. पाणी आटेल, ते भरताना शक्य असेल तर कमी क्षारांचं घाला, नाहीतर टीडीएस चढत जातो. दिवा ६ तासांवर आणा, खाणं निम्मं करा. वीज गेली तर मगने पाणी वरून खाली ओतत राहा, दर काही मिनिटांनी. बर्फाचे खडे थेट टाकू नका, एकदम फरक माशांना बाधतो.

गोदातीर
मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. सह्यघाट, तुमचं वाचल्या वाचल्या बाल्कनीत गेले. अळूच्या बुडाशी करंगळीएवढी तीन तपकिरी पानं! मी ती अळूचीच पिल्लं समजत होते. रंग बघून ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं खरंच, मी जिवंत झाड फेकून दिलं होतं.

काय काय केलं ते क्रमाने: पहिल्या आठवड्यात फक्त टायमर. दुसऱ्या आठवड्यात गोल्डफिश नणंदेकडे दिले, तिच्याकडे मोठा सिमेंटचा हौद आहे. तिसऱ्या आठवड्यात रंगीत खडे काढले. स्पंज मात्र तसाच ठेवला, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत चालू. तळाला चाळलेली लाल माती एक इंच आणि वर दीड इंच जाड वाळू घातली. वाळूत चुना नाही ना ते बघायला तिच्यावर लिंबू पिळलं, फेस आला नाही. मातीत शेणखत घालणार होते.

पाणवठा
नाही घातलंत ना?

गोदातीर
नाही. द्राक्षमळा दादांचा युरियाचा प्रतिसाद आठवला आणि वाटलं, शेणखतातूनही अमोनियाच सुटेल.

द्राक्षमळा
शाब्बास ताई.

गोदातीर
मग व्हॅलिस १०, हायड्रिला एक जुडी, दगडावर अनुबियस, आणि कुंडीतलं क्रिप्ट. पहिले आठ दिवस पाणी थोडं गढूळ होतं, काचेवर तपकिरी थर आला. तो बोटाने पुसला जात होता. क्रिप्टची ती तिन्ही पानं परत विरघळली. या वेळी उपटलं नाही. रोज सकाळी बघायचे आणि हात मागे घ्यायचे. सतराव्या दिवशी मधून एक टोक निघालं, गुंडाळलेलं, गुलाबीसर. आज तिथं दोन पूर्ण पानं आहेत आणि तिसरं उलगडतंय. कुंडीतल्या पानांपेक्षा ही अरुंद आणि लांब आहेत, कडा नागमोडी. व्हॅलिसला तीन धावते फुटवे आलेत. हायड्रिला तर दर रविवारी कापावी लागते.

एक प्रश्न आहे. ही कापलेली हायड्रिला कुठं टाकायची? शेजारचे काका म्हणतात, गोदावरीत सोडून दे, ती पाण्याचीच आहे.

द्राक्षमळा
ताई, कृपया नदीत नको. नाशिकच्या खाली गोदावरीत पाणवेलींचा (जलपर्णीचा) केवढा गालिचा होतो ते तुम्ही पाहिलंच असेल. तो वाहत वाहत आमच्याकडे नांदूरमधमेश्वरला येतो. ते पाखरांचं अभयारण्य २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. पाणवेलही कधीकाळी कुणीतरी शोभेची म्हणूनच आणली होती. हायड्रिला आपल्याकडची असली तरी टाकीतल्या पाण्याबरोबर गोगलगायी, परदेशी झाडांचे तुकडे, रोगराई सगळं जातं. उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवा आणि अळूच्या कुंडीत आच्छादन म्हणून घाला.

सह्यघाट
आणि थोडी जिवंत ठेवा. मी पुढच्या महिन्यात नाशिकला येतेय. व्हॅलिसचा एक फुटवा आणि हायड्रिलाच्या चार काड्या मला हव्यात. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत दिल्या तरी दिवसभर टिकतात.

गोदातीर
नक्की या. क्रिप्टचं चौथं पान तोवर आलेलं असेल.